काळा कोंबडा आणि बॅरनचे पत्र

फराळाच्या ताटाशेजारी मद्याची बाटली आणून ठेवणारा हा कोण आगंतुक, असे म्हणत घरातल्या आजीने चष्मा कपाळावर चढविण्यापूर्वीच खुलासा करतो. या बाटलीचे बूच आपल्याला काढायचे नाही. तिच्या गळ्याशी एक काळा कोंबडा चिकटविलेला आहे, त्याची तेवढी चौकशी करायची आहे. तो तिथे कसा आला, हे विचारता विचारता सात-आठशे वर्षांचा इतिहास हाती लागतो आणि त्यात राजे, सरदार, कोर्टकचेऱ्या आणि अर्धपोटी शेतकरी असे सगळेच भेटतात.

इटलीच्या मध्यभागी टस्कनी नावाचा प्रांत आहे. त्यात उत्तरेला फ्लॉरेन्स आणि दक्षिणेला सिएना ही दोन नगरे. एके काळी ही दोन्ही स्वतंत्र राज्ये होती आणि एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. दोघांच्या मधोमध जो डोंगराळ, रानाने भरलेला मुलूख पसरला आहे त्याचे नाव कियान्ती. दोन भाऊबंदांच्या शेतांमधला बांध जसा कधीच निवांत नसतो, तशीच या मुलखाची गत होती. लोककथा सांगते की, भांडून थकल्यावर दोन्ही नगरांनी एक तोड काढली. ठरल्या दिवशी पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघायचा आणि जिथे दोघांची गाठ पडेल तिथे सरहद्द. सिएनाकरांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊपिऊ घालून लठ्ठ केले. फ्लॉरेन्सकर बेरकी! त्यांनी काळा कोंबडा अंधाऱ्या खुराड्यात कोंडून उपाशी ठेवला. बाहेर काढताच तो बिचारा भुकेने व्याकूळ होऊन उजाडण्याच्या कितीतरी आधीच आरवू लागला. सिएनाचा पांढरा गडी मात्र गाढ झोपेत. स्वारांची गाठ पडली ती सिएनाजवळच्या फोंतेरुतोली या खेड्यात, आणि बहुतेक सारे कियान्ती फ्लॉरेन्सच्या पदरात पडले.

गोष्ट झकास आहे, पण इतिहास इतका रंगेल नसतो. ही हद्द १२०३ साली पोग्गिबोन्सी येथे लवाद बसवून ठरविली गेली. कोंबडा मात्र खोटा नाही. राद्दा, गायोले आणि कास्तेलीना या तीन गावांचा फ्लॉरेन्सच्या छत्राखाली संरक्षणासाठी जो संघ झाला त्याचे निशाण काळा कोंबडाच होते. सोळाव्या शतकात जॉर्जो वासारी या चित्रकाराने फ्लॉरेन्सच्या राजवाड्यातील भव्य दालनाच्या छतावर कियान्तीचे रूपक रंगविले, त्यातही तो आहे.

आता त्या द्राक्षासवाकडे वळू. कियान्ती हे नाव मद्याला लावल्याचा सर्वांत जुना दाखला १३९८ सालच्या कागदपत्रांत सापडतो, आणि मौज अशी की ते मद्य पांढरे होते! लाल कियान्तीचा लौकिक नंतरचा. त्या लाल मद्याचा प्राण म्हणजे सांजोवेझे नावाचे काळे द्राक्ष. या नावाचा अर्थ ज्यूपिटर देवाचे रक्त असा लावण्याची तिकडे हौस आहे. टस्कनीचे लोक त्याला अगदी आपल्या घरचे मानतात. परंतु त्याच्या आईबापांपैकी एक दक्षिणेकडच्या कालाब्रियाचे असावे, असा निष्कर्ष २००४ साली जनुकीय तपासणीतून मांडला गेला. घराणेदार माणसांच्या वंशावळीतही असे निघतेच की!

हे द्राक्ष उशिरा पिकते. सप्टेंबर सरून ऑक्टोबर लागला तरी वेलीवर असते, आणि त्याच सुमारास तिकडचा शरदातला पाऊस डोकावतो. तयार घड डोळ्यांसमोर आणि आभाळ भरून आलेले, हा घोर काय असतो हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला सांगायला नको. कियान्तीची जमीन मुरमाड. पापुद्र्यांनी सुटणारा गालेस्त्रो नावाचा दगड आणि अल्बेरेझे नावाचा चुनखडीचा कठीण दगड यांनी भरलेली. अशा जमिनीत आणि डोंगराच्या गारव्यात वाढलेल्या या मद्याला आंबट चेरीची चव आणि व्हायोलेटच्या फुलांचा मंद वास असतो असे जाणकार सांगतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तसा तुरटपणाही त्यात असतो. नुसते पिण्यापेक्षा जेवणाबरोबर, तेलकट-तुपकट पदार्थांच्या जोडीला ते शोभते.

मालाला नाव मिळाले की नावाला चोर मिळतात. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याने फर्मान काढून कियान्तीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या आणि त्यांच्या नावाने खपणाऱ्या मद्यावर देखरेख बसविली. पोर्तुगालमधील दोरो खोऱ्याची अशी प्रसिद्ध आखणी १७५६ सालची, म्हणजे तब्बल ४० वर्षांनंतरची.

यानंतर रंगमंचावर येतो तो बॅरन बेत्तीनो रिकासोली. जन्म १८०९, मृत्यू १८८०. लोक त्याला पोलादी बॅरन म्हणत. टस्कनीला एकसंध इटलीत आणण्याचे मोठे श्रेय त्याचे. १८६१ साली कावूर वारल्यावर तोच इटलीचा पंतप्रधान झाला आणि १८६६ मध्ये पुन्हा एकदा. त्याचे घराणे ब्रोलियोच्या किल्ल्यात बाराव्या शतकापासून नांदत होते. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. फ्लॉरेन्समधील एका नृत्यसमारंभात कोणी तरुण त्याच्या पत्नीशी, ॲनाशी, जरा जास्तच सलगीने नाचला. बॅरनने तिथल्या तिथे पत्नीला गाडीत बसविले आणि हिवाळ्याच्या ऐन रात्री, नाचाच्या झिरझिरीत पोशाखातच, ब्रोलियोच्या एकलकोंड्या किल्ल्यात नेले. तिथेच मग त्यांचा संसार झाला. नवऱ्याचा जाच म्हणा की प्रेम म्हणा, ॲनाबाईंचे मत कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

त्या किल्ल्यात बॅरनने दशकानुदशके प्रयोग केले. १८७२ साली त्याने पिसाचे प्राध्यापक चेझारे स्तूदियाती यांना एक पत्र लिहून आपला निष्कर्ष कळविला. सांजोवेझे मद्याला सुवास आणि जोम देते. कानायोलो त्याचा करडेपणा निववते. आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष त्याला हलके, रोजच्या जेवणात लवकर पिण्याजोगे करते. मात्र जे मद्य वर्षानुवर्षे मुरवायचे त्यात माल्वाझिया नसलेलेच बरे, असेही तो सांगतो. वाचकांनी हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढच्या पिढ्यांनी नेमके तेच विसरले.

पण बॅरनच्या कीर्तीमागे जे हात राबत होते त्यांना विसरून कसे चालेल? टस्कनीची शेती मेझ्झाद्रिया पद्धतीने चाले. आपल्याकडे अर्धेली किंवा बटई म्हणतात तीच ही. जमीन धन्याची, घाम कुळाचा, पीक निम्मेनिम्मे. शिवाय सणावाराला धन्याच्या वाड्यावर कोंबडी-अंडी पोहोचवायची ती वेगळीच. गव्हाच्या शेतातच झाडांवर वेल चढवायचे आणि मधूनमधून ऑलिव्ह लावायचे, म्हणजे एकाच तुकड्यातून भाकरी, तेल आणि मद्य निघे. चांगले मद्य बाजारात जाई. पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी ओतून जे फिके पेय निघे, ते पिकवणाऱ्याच्या वाट्याला. बाटल्याही गरिबांच्याच हातच्या. बुडाशी गोल असलेल्या काचेच्या 'फियास्को'ला उभे राहता येत नाही, म्हणून खेड्यातल्या बाया तिला दलदलीतल्या गवताचे अंगरखे विणून घालीत. ती गवती बाटली जगभर कियान्तीची ओळख झाली.

नावाचे भांडण पुढे पेटलेच. १९२४ साली राद्दा येथे ३३ उत्पादकांनी संघ स्थापन करून काळा कोंबडा आपले चिन्ह केले. शेजारच्या टेकड्यांवरच्यांनी १९२७ मध्ये दुसरा संघ काढला. त्यांचे चिन्ह गुटगुटीत बाळ! १९३२ साली सरकारने मध्यम मार्ग काढला: आजूबाजूच्या टेकड्यांनाही कियान्ती म्हणवून घेऊ दिले आणि मूळ मुलखाला 'क्लासिको' ही पदवी दिली. तडजोड म्हणा, पण घरच्या नावात सहा वाटेकरी शिरले ते शिरलेच.

१९६७ सालच्या नियमांनी तर कमाल केली. लाल कियान्तीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे घालणे बंधनकारक झाले. बॅरनने जी सवलत रोजच्या मद्यापुरती दिली होती तिचा कायदा झाला. १९६४ च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद झाले होते आणि कुळे शहरांकडे निघून गेली होती. ओसाड शेतांत नव्या वेली लावल्या गेल्या त्या मुख्यतः भरपूर पिकणाऱ्या. मद्य पातळ झाले, गवती बाटली स्वस्त मालाची खूण ठरली. तेव्हा १३८५ पासून या धंद्यात असलेल्या अंतिनोरी घराण्याने कियान्तीच्याच बागेतून १९७१ च्या हंगामाचे 'तिन्यानेल्लो' काढले, १९७५ पासून त्यातून पांढरी द्राक्षे अजिबात वगळली आणि कियान्तीचे नाव सोडून 'साधे टेबल वाइन' अशी चिठ्ठी लावून विकले. साध्या मद्याला किंमत मात्र राजाची आली! शेवटी कायदाच शरमला. १९८४ पासून नियम कडक होत गेले आणि २००६ च्या हंगामापासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना मज्जाव झाला. बॅरनच्या पत्रातील शेवटचे वाक्य कायद्याला कळायला १३४ वर्षे लागली.

सांजोवेझेची वेल एव्हाना आपल्याकडेही आली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या शिवारात, ऊस आणि डाळिंबाच्या शेजारी, इटालियन भागीदारांच्या साहाय्याने ती लावली गेली.

कोंबड्याच्या मागचा वनवास मात्र संपत नव्हता. इटालियन भाषेत कोंबड्याला 'गाल्लो' म्हणतात. याच आडनावाची एक बडी मद्य कंपनी कॅलिफोर्नियात होती. तिने हे नाव आमचे म्हणून दावा लावला, आणि कियान्तीच्या संघाला अमेरिकेत 'गाल्लो नेरो' हे शब्द सोडावे लागले. चित्र तेवढे राहिले. २००५ पासून कियान्ती क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याशी तो काळा कोंबडा बसलेला असतो, मुकाट्याने, न आरवता.