बोरघाटांतील लुप्त स्टेशन

नव्या मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी पनवेल मागें टाकून बोरघाटास लागला म्हणजे त्याची दृष्टि साहजिकच दरीकडे वळते. परंतु खंडाळ्याच्या खालच्या अंगास, डोंगराच्या एका सोंडेवर, एके काळीं आगगाडीचें स्टेशन होतें, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. बाजारपेठेसाठीं तें बांधलेलें नव्हतें. तरी घाटांतून जाणाऱ्या गाडीस तेथें थांबल्यावांचून गत्यंतर नसे.

याचें कारण डोंगराच्या घडणींत आहे. १८५३ त मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली. १८५६ त ती घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचली, व १८५८ त खंडाळा-पुणें मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र लोकांस पालखींतून वा तट्टावरून चढावा लागे. सुमारें १५ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढावयाचें, आणि वळण घेण्यास कड्यावर जागा नाहीं! मुख्य अभियंता जेम्स बर्कली यानें हा पेंच युक्तीनें सोडविला. गाडी सोंडेवर न्यावयाची, एंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडावयाचें, आणि उलट दिशेनें पुढचा चढ चढावयाचा. यावरूनच त्या जागेस ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ हें नांव पडलें.

हें काम १८५६ त सुरू झालें. त्यांत २५ बोगदे खणावे लागले. थकलेल्या मजुरीवरून १८५९ च्या जानेवारींत मजुरांनीं दंगल केली, आणि त्याच वर्षीं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याजकडे गेलें. तो हिंदुस्थानांत येऊन थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें अंगावर घेऊन तडीस नेलें. १८६१ त येथें ४०,००० हून अधिक माणसें राबत होतीं. सुरुंग, ताप आणि पटकी यांनीं हजारों मजूर दगावले. १८६३ त गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाट खुला झाला. बर्कली, ट्रेडवेल, फ्रिअर हीं नांवें इतिहासानें जपलीं, तें योग्यच. पण पहार चालविणारे हात निनांवीच राहिले.

१९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला आणि स्टेशनाची गरज सरली. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ तोंड न फिरवितांच घाट चढूं लागली.

स्टेशन गेलें याचें आम्हांस दुःख नाहीं. ज्या अडचणीपोटीं तें जन्मलें, ती अडचणच दूर झाली. साधनानें काम संपतांच बाजूस व्हावें, हें उचितच होय. दुःख आहे तें विस्मृतीचें. नव्या मुंबईंत वाशीस लोकल गाडी १९९२ त आली. ती खाडी ओलांडते तेव्हां आपण घड्याळ पाहतों. पूल कोणीं उभारला हें विचारीत नाहीं. बोरघाटांतील त्या ओसाड सोंडेनें एवढा एक प्रश्न विचारावयास शिकविलें, तरी तें स्टेशन आजही कामाचें आहे असें आम्ही म्हणूं.