बिनतारी लुगडं

१८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि थोडी दारूही उडवली. (बंदुकीची हो! उगाच गैरसमज नको.) पुढे १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेलं एकच अक्षर पकडलं: 'एस', म्हणजे तीन टिंबं. एका अक्षरासाठी केवढा खटाटोप! आमच्या आबांनी अख्खा निरोप मागवला असता, तोही फुकटात.

आबांचं शेत मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर, शकुंतलेच्या रुळांना लागून. ७६ किलोमीटरचा हा अरुंद मार्ग. १९९४ पर्यंत शकुंतला वाफेवर धावायची. धावायची म्हणजे आपली चालायची. गार्डानं हिरवं निशाण हलवलं की निघायची, लाल दिसलं की थांबायची; रात्री तेच काम कंदील करी. ना तार, ना बॅटरी. आबांनी ही विद्या बांधावर बसूनच उचलली.

आत्या दिली होती शेतापलीकडच्या गावात. तिचं धाब्याचं घर बांधावरून दिसे. आबांनी तिला हळूच सांगून ठेवलं, "वर पांढरं धोतर वाळत असलं तं खुशाल समजीन. लाल दिसलं का निघालोच."

सहा वर्षं पांढरं. सातव्या दिवाळीला एका सकाळी लाल! आबांनी दमणी जुंपली. घाईत पायात जोडेसुद्धा दोन जातींचे.

"काय झालं व माय?"

"काई नाई आबा. ते तं सासूबाईचं लुगडं हाय."

बिनतारीवाले याला व्यत्यय म्हणतात: आपल्याच लहरीवर दुसरं केंद्र बोलायला लागतं. व्याह्यांना आबांनी सांगितलं, "बैल पाहाले आलतो." आत्या हसली, आणि हसता हसता रडली.

सहा वर्षांत लाल लावण्यासारखे दिवस आले नव्हते असं नाही, हे तिनं मला परवा सांगितलं.

"मंग लावलं काहून नाई?"

"अरे, आबा रोज पाहतात, हे मालूम होतं ना. तेवढ्यावर निभलं."

आत्या आता नव्वदीला टेकली. अकोल्यात मुलाकडे असते. उशाशी बिनतारी घंटीचं बटण आहे. काही शे रुपयांची वस्तू, भिंतीपलीकडे मुलाच्या खोलीत वाजते. बोसबाबूंचाच प्रयोग, दारू वगळून. आत्या ते बटण दाबत नाही. मुलगाच रात्रीतून दोनदा डोकावतो. विचारलं तर म्हणतो, "घंटी बिघडली का काय, ते पाहाले आलतो."