नुक्त्यासाठी कॅमेरा

आजोबांच्या उर्दू पत्रांची शाई उडत चालली आहे. उर्दूत नुक्ता वर असला तर ‘खुदा’, खाली आला तर ‘जुदा’. म्हणून फोटोत प्रत्येक नुक्ता दिसायला हवा.

२००३ साली कॅननच्या ३००डीने डीएसएलआर हजार डॉलरच्या आत आणला. पण फोटो काढण्याआधी त्याच्या स्क्रीनवर दृश्य दिसत नसे. २००८च्या ४५०डीत ही सोय आली. दृश्य दहापट मोठे करून हाताने फोकस साधता येतो. जवळच्या फोटोला तेच लागते.

म्हणून मी जुना ४५०डी निवडला. उरलेल्या पैशांत एक्स्टेन्शन ट्यूब घेतली. तिच्यात काच नसते. ती लेन्सला सेन्सरपासून दूर नेते, म्हणून अधिक जवळून फोकस होतो.

शाई नव्या मॉडेलसाठी थांबणार नाही.