कोरलेला डोंगर, फोडलेला डोंगर

इंग्रजीतल्या ‘कट’ या क्रियापदाला मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही. आपण भाजी चिरतो, भात कापतो, सुपारी कातरतो, फांदी छाटतो, ऊस तोडतो, दगड फोडतो आणि लेणे कोरतो. ही शब्दांची नुसती श्रीमंती असती, तर तिचे कौतुक करून विषय मिटवता आला असता. पण यातल्या प्रत्येक क्रियापदात हत्यार कोणते हे सांगितलेले असते आणि काम झाल्यावर मागे काय उरते हेही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली, त्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास माझ्या मते कोरणे, फोडणे, छाटणे आणि तोडणे या चार क्रियापदांत बराचसा सापडतो. इंग्रजी दप्तरात मात्र लेणीही ‘रॉक-कट’, रेल्वेसाठी डोंगरात पाडलेली खिंडही ‘कटिंग’ आणि वृक्षतोडही ‘कटिंग’च.

सुरुवात कोरण्यापासून झाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या काळ्या पाषाणात शंभराहून अधिक लेणी आहेत. अंधेरीची महाकाली आणि जोगेश्वरीची लेणी याच बेटावरची. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातला शिलालेख सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला आहे. त्यात खर्च करणाऱ्या व्यापारी भावांबरोबर कारागिरांचीही नोंद आहे: ‘सेलवढकी’ म्हणजे दगडाचे कारागीर आणि ‘मिठिक’ म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणारा. ही दोन कामे वेगळी मोजली गेली, यावरूनच कोरण्यात किती टप्पे होते ते कळते. लेण्यांबाहेर कातळात खोदलेल्या अरुंद पन्हळी पाहाव्यात. डोंगरउतारावरून वाहणारे पावसाचे पाणी त्या लेण्यापाशीच्या टाक्यात आणून सोडतात. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पन्हळीचा उतार थोडा चुकला असता, तर पोढी कोरडीच राहिली असती.

कोरणाऱ्यांनीही डोंगरातून अमाप दगड काढून फेकलाच, मग पुढे डोंगर फोडणाऱ्या खाणवाल्यांनाच दोष का, असा आक्षेप यावर कोणी घेईल. दगड काढला हे खरेच. पण कोरताना जे बाहेर पडते ती कपची असते आणि जे उरते ते लेणे असते. फोडताना उलटे होते. जे बाहेर पडते तो माल असतो आणि जे उरते तो खड्डा असतो.

फोडण्याचे युग आले ते मुंबई शहराच्या वाढीबरोबर. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे रेल्वे याच बेटावरून गेली. रूळ, रस्ते, धक्के, इमारती, सगळ्यांना दगड आणि खडी लागत होती आणि डोंगर उपनगरांत होते. १९२० नंतरच्या बॅकबे भराव योजनेसाठी कांदिवलीत खाण काढण्यात आली, म्हणजे दक्षिण मुंबईच्या किनाऱ्यासाठी उत्तरेचा डोंगर फोडला गेला.  खाणींत पहार, घण आणि छिन्नीवर राबणारे हात बहुतांशी वडारांचे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे ६१ मीटर उंचीचा, सलग उभ्या खांबांचा बेसॉल्टचा कडा. तो मूळचा असा एकटा सुळका नव्हता. आसपासचा भाग फोडून नेल्यावर जे उरले ते आज दिसते. १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तरी महापालिकेने वारसा यादीत घेऊन आसपासच्या खाणकामाला आळा घालायला २००७ साल उजाडले. या दगडावरच शहर उभे राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खड्डा शहराच्या हिशेबात कधी धरला गेला नाही, हेही तितकेच खरे.

झाडांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. एकोणिसाव्या शतकात साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. उपनगर जिल्हा झाला तो १९२० साली. ठाण्याकडचा शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत असे आणि त्यासाठी जंगलातून टहाळ आणत असे. त्याच्या लेखी हे छाटणे होते, कारण झाडाला पुन्हा फुटवे येत. वनखात्याच्या लेखी हे जंगलाचे नुकसान होते. तंटा इतका वाढला की १८८५ साली सरकारला आयोग नेमावा लागला. इंग्रजीतही ‘लॉप’, ‘प्रून’, ‘फेल’ असे वेगवेगळे शब्द आहेत, हे मान्य. पण अडचण शब्दांच्या अभावाची नव्हती. कोणते कृत्य कोणत्या शब्दात मोडते हे कोणी ठरवायचे, यावरून भांडण होते.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्याने तर हा भेद मुद्दामच पुसला: झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे ‘तोडणे’च धरले. अर्थच्छटांचा पुरस्कार करणाऱ्यालाही हे पटायला हवे, कारण ‘नुसती छाटणी केली’ म्हणत नुसता बुंधा उभा ठेवणारे कमी नाहीत. आणि मराठीच्या सीमारेषाही काही पक्क्या नाहीत. फूलही आपण तोडतोच, म्हणून झाड मरत नाही. हत्यार बदलले की क्रियापदही सरकते. कुऱ्हाडीने झाड तोडले जाई, यांत्रिक करवतीने ते कापले जाते आणि कापायला वेळ लागत नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसाठी आरे वसाहतीतली झाडे तोडण्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तोवर २,१४१ झाडे पडली होती.

वृक्षतोडीची परवानगी देण्याआधी झाडाच्या खोडावर नोटीस चिकटवावी लागते आणि तिच्यावर हरकत घेण्याचा हक्क नागरिकाला आहे. तुमच्या रस्त्यावर अशी नोटीस दिसली, तर झाडांचा आकडा पाहण्याआधी क्रियापद वाचा आणि मुदतीत हरकत नोंदवा.