नौकेच्या इंजिनाची नाडी डिजिटल पडद्यावर

समुद्रात इंजिन बंद पडणे म्हणजे केवळ खोळंबा नव्हे. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल आणि जवळ खडक असतील, तर काही मिनिटांत नौका गमावण्याची वेळ येते. म्हणूनच पाण्याचे तापमान, तेलाचा दाब आणि इंजिनाचे फेरे यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. पूर्वी ही माहिती काट्याच्या मीटरांवर मिळत असे. आता ती सागरी नकाशा, पाण्याची खोली आणि वाऱ्याचा वेग दाखवणाऱ्या पडद्यावरच वाचता येते. हे शक्य झाले ‘एनएमईए २०००’ या संदेशजाळ्यामुळे.

अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन ही १९५७ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्या १९८३ च्या ‘०१८३’ या मानकात एका उपकरणाने बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे, अशी व्यवस्था होती. वेग सेकंदाला अवघा ४८०० बिट. २००१ मध्ये आलेले ‘२०००’ हे मानक मात्र जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारगाड्यांसाठी जाहीर केलेल्या ‘कॅन’ पद्धतीवर उभे आहे. येथे वेग अडीच लाख बिटांचा असून एकाच केबलवर ५० पर्यंत उपकरणे जोडता येतात. दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर ज्या संदेशाचा क्रमांक लहान तो पुढे जातो आणि दुसरा थांबतो. संदेश नष्ट होत नाही, ही या पद्धतीची खरी खुबी.

जोडणीचे नियम थोडे आहेत, पण ते मोडून चालत नाही. नौकेच्या लांबीने एक मुख्य केबल टाकावी आणि तिच्यातून ‘टी’ आकाराच्या जोडांनी फाटे काढावेत. कोणताही फाटा ६ मीटरपेक्षा लांब नसावा. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक हवाच. वीजपुरवठा बंद करून पांढऱ्या व निळ्या तारांमध्ये मल्टिमीटर लावल्यास ६० ओहमच्या आसपास आकडा यावा. १२० आला तर एक रोधक गळाला आहे, ४० आला तर कोणीतरी तिसरा बसवला आहे.

नव्या इंजिनांचे काम सोपे. त्यांना स्वतःचा नियंत्रक संगणक असतो आणि तो बहुधा ‘जे १९३९’ या अवजड वाहनांच्या भाषेत बोलतो. ही भाषाही ‘कॅन’वरच आधारलेली असली, तरी संदेशांची रचना वेगळी असल्याने मध्ये दुभाष्याचे काम करणारी पेटी लागते. दोन्ही जाळी थेट एकमेकांना जोडणे धोक्याचे.

खरा कस लागतो तो जुन्या, यांत्रिक इंधनपंपाच्या इंजिनावर. कोकण किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार नौकांवरही अशीच इंजिने आहेत. तेथे संगणक नसतो; असतात ते तापमान किंवा दाबानुसार रोध बदलणारे साधे सेन्सर. हा बदल मोजून त्याचे संदेशात रूपांतर करणारी पेटी बाजारात मिळते. परंतु सेन्सर कोणत्या जातीचा हे तिला सांगावे लागते. इंधनटाकीचा युरोपीय सेन्सर रिकामा असताना १० आणि भरल्यावर १८० ओहम दाखवतो. अमेरिकी सेन्सर उलट, २४० वरून ३३ वर उतरतो. निवड चुकली, तर रिकामी टाकी भरलेली भासते. जुने मीटर तसेच ठेवायचे असेल, तर सेन्सरला वीज त्या मीटरमधूनच मिळते आणि पेटी केवळ व्होल्टेज मोजते. पुढे कधी ते मीटर काढले, की पडद्यावरील आकडाही निरर्थक होतो.

फेऱ्यांचा संकेत आल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून घेता येतो. आल्टरनेटर १२ ध्रुवांचा असेल, तर त्याच्या एका फेऱ्यात ६ स्पंद मिळतात. पुलींमुळे तो इंजिनाच्या दुप्पट फिरत असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्यामागे १२. म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांवर सेकंदाला ३६० स्पंद. पट्टा घसरू लागला की हे गणित बिघडते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

अर्थिंगकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. बहुतेक सेन्सरांची परतीची वाट इंजिनाच्या धातूतूनच जाते. पेटीची ऋण तार दूरच्या पॅनेलला जोडली, तर आल्टरनेटरच्या प्रवाहामुळे दोन ठिकाणच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो आणि इंजिनाचा वेग वाढताच तापमान चढल्याचा भास होतो. संदर्भाची तार इंजिनाच्या ब्लॉकवरूनच घ्यावी. काही पोलादी व ॲल्युमिनियमच्या नौकांवर मात्र गंज टाळण्यासाठी दोन तारांचे, ब्लॉकपासून विलग सेन्सर वापरतात. त्यांना हा उपाय लावू नये. दोन इंजिने असल्यास डाव्याला शून्य आणि उजव्याला एक हा क्रमांक द्यावा. दोन्ही शून्यावर राहिली, तर पडद्यावरील आकडा दोघांच्या मध्ये उड्या मारत राहतो.

जाळ्यावर फेऱ्यांचा संदेश सेकंदाला दहा वेळा, तर दाब व तापमानाचा दोन वेळा जातो. वेग पुरेसा आहे. पण सेन्सर जे पाहतो तेच पडद्यावर येते. शीतक पाणी पूर्ण वाहून गेले, तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही आकडा खाली दाखवू शकतो. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पंखे तुटले, तर सर्वांत आधी तापतो तो एक्झॉस्टचा रबरी पाइप. तेथे वेगळा तापमान सेन्सर बसवणे शहाणपणाचे. तेलाचा दाब उतरताच बझर वाजवणारा मूळ स्विचही काढू नये. त्याची तार जाळ्याशी न जोडता थेट बझरकडेच न्यावी, कारण एक रोधक निखळला तरी पडदा गप्प होऊ शकतो.