समुद्र नसलेल्या गावातून दोन कवितासंग्रहांची गोष्ट

आपलं वडनेर भोलजी हायवेवरचं गाव. कपाशी, सोयाबीन, उत्तरेला दूरवर सातपुडा. समुद्र इथून चार-पाचशे किलोमीटर. खारं पाणी म्हणाल तर ते आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं!

तरी मला समुद्र पहिल्यांदा दहावीत भेटला, बा. भ. बोरकरांच्या पुस्तकात. मुंबईला जाऊन खरा पाहिला तो बऱ्याच वर्षांनी.

परवा कपाट आवरताना बोरकरांचा 'दूधसागर' हाती आला आणि साल डोळ्यात भरलं. 1947. इकडं तिरंगा फडकला त्याच वर्षीचा संग्रह. पण कवीचं जुवारीकाठचं बोरी गाव तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला, म्हणजे आणखी 14 वर्षांनी. स्वतः बोरकर त्या लढ्यात उतरले होते. त्यांच्या कवितेतला समुद्र, माडांच्या रांगा, नदीकाठ हे नुसतं निसर्गवर्णन म्हणून वाचून कसं चालेल? ती परक्याच्या राज्यात असलेली त्यांची स्वतःची माती होती.

आता आपल्याकडं या. बोरकरांचा जन्म 1910 चा. त्याच्या एकच वर्ष आधी, 1909 मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या शेंदुर्जनला ना. घ. देशपांडे जन्मले. मेहकरला वकिली केली आणि रान, ओढे, चांदणं, गावाकडची प्रीत कवितेत आणली. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात ग्रामोफोनवरून महाराष्ट्रभर गाजली. त्याच नावाचा संग्रह मात्र खूप नंतर, 1954 ला आला. आणि गंमत पाहा, तेव्हा आपला बुलढाणा मध्य प्रदेशात होता! राजधानी नागपूर.

म्हणजे एक कवी पोर्तुगीजांच्या राज्यात, दुसरा मध्य प्रदेशात. नकाशावर दोघं वेगळे, पण मराठी वाचणाऱ्याच्या घरात दोघंही शेजारी. 1 मे 1960 च्या कितीतरी आधी आपण कवितेनं जोडलेलो होतो. पुढं बोरकरांना 1981 ला 'सासाय' या कोंकणी संग्रहासाठी साहित्य अकादमी मिळाली, ना. घं.ना 1986 ला 'खूणगाठी'साठी.

मागच्या महिन्यात एका शाळेत पोरांना ना. घ. कोण म्हणून विचारलं. एकही हात वर आला नाही. चूक पोरांची नाही, आपण सांगितलंच नाही. गोव्याचा समुद्र मला पुस्तकातून कळला, तसं आपलं रान तरी आपल्या लेकरांना कळायला नको का?

21 ऑगस्ट ही ना. घं.ची जयंती. त्या दिवशी आपापल्या शाळेत त्यांची एक कविता मोठ्यानं वाचू. आणि कुणाच्या घरी 'शीळ'ची जुनी तबकडी किंवा पुस्तक असेल तर जरूर कळवा. मी स्वतः येऊन पाहीन.