मोरीतला दगड

टाइल्सच्या दुकानांत हल्ली दगडी बेसिन मांडलेली दिसतात. अखंड दगडातून कोरलेली, आतून गुळगुळीत आणि बाहेरून मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली. नव्या घरात ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवली जातात. पाच-सहा महिने गेले की त्याच घरातून प्रश्न येतो, "यावरचे पांढरे डाग काही केल्या जात नाहीत. ॲसिड टाकावं का?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. कारण दगडावर पाणी सांडणं ही आमच्या निलंग्याला नवी गोष्ट नाही. बेसिन हा शब्द येण्याआधी घरोघर मोरी होती. भांडी, आंघोळ, हात-पाय धुणं, सगळं तिथंच. आणि मोरी म्हणजे दगड.

हा दगड कुठला, हे आधी पाहू. निलंगा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या आणि नंतरच्या हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. पुढे तो उस्मानाबादेत गेला आणि 1982 साली लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात आला. म्हणजे आमच्या वाडवडिलांची कचेरी बीदरला, बाजार बीदर-गुलबर्ग्याकडे. त्यामुळे आमच्या घरांत तीन दिशांचे तीन दगड भेटतात.

पहिला काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, त्यातला हा. घरातला पाटा-वरवंटा, जातं, उखळ, गुरांना पाणी पाजायची डोण, सगळं याचंच. पाथरवट त्यावर टाकी चालवायचे. वापरून पाटा गुळगुळीत झाला की पुन्हा टाकी लावून घ्यायचा, म्हणजे दगडाचीही देखभाल असे आणि ती करणारा माणूस दारावर येत असे.

दुसरा जांभा. औसा-निलंगा वाटेवरची खरोशाची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. बीदरचं पठारही जांभ्याचं. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली, तेव्हा शहराला पाणी पुरवण्यासाठी याच जांभ्याच्या पोटातून भुयारी कालवे खोदले गेले. त्यांना करेझ म्हणतात. जांभा सच्छिद्र असतो, पाणी मुरवतो आणि झिरपू देतो. म्हणून करेझसाठी तो सोन्यासारखा, पण मोरीसाठी तो कामाचा नाही.

तिसरी शहाबादी फरशी. शहाबाद हे गुलबर्गा जिल्ह्यातलं, आताच्या कलबुर्गीतलं गाव. फार प्राचीन काळी पाण्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे तिथं सरळ, सपाट थर आहेत. पहार लावली की लादी सुटते. 1871 साली मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जोडला गेला. शहाबाद त्याच मार्गावर. मग ही फरशी दूरदूर पोहोचली. मराठवाड्यातल्या मोऱ्या, ओटे, ओसऱ्या, शाळा-कचेऱ्यांच्या जमिनी तिनंच झाकल्या. मुंबई-पुण्याच्या चाळींतही ती गेली.

आता गंमत पाहा. या तीन दगडांचे स्वभाव तीन तऱ्हेचे आणि जुन्या बायकांना ते पुस्तकावाचून माहीत होते. माझ्या नानीच्या घरी मोरीत शहाबादी आणि अंगणात एक काळा दगड होता. रोजची भांडी मोरीत, चुलीच्या राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं निघत. तांब्याची घागर मात्र चिंचेनं घासायची असेल तर अंगणातल्या काळ्या दगडावर न्यायची, असा दंडक होता. "फरशी को इमली नको लगाव," एवढंच ती म्हणे. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

कारण आज शाळेतलं पोरही सांगेल. शहाबादी म्हणजे चुनखडी. चिंच, लिंबू, व्हिनेगर ही आम्लं. आम्ल चुनखडीला खातं आणि चकाकी जाऊन फिकट चट्टा उमटतो. काळा दगड त्यामानानं दाद देत नाही. राख अल्कलीधर्मी असल्यामुळे ती चुनखडीला खात नाही.

भांडी झाली की नानी फडक्यानं मोरी कोरडी करी. पाणी आडातून शेंदून आणलेलं, ते मोजूनच वापरायचं. वजूचं आणि हात-पाय धुतल्याचं पाणी त्याच मोरीतून परसातल्या आळूला जाई. कोरड्या दगडावर शेवाळ धरत नाही, कुणी घसरत नाही आणि डागही राहत नाही.

आता डागांकडे येऊ. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तोच तो पांढरा थर. तुमचं बेसिन चुनखडीचं किंवा संगमरवराचं असेल तर थर आणि बेसिन हे एकाच कुळातले. ॲसिडला त्यांच्यातला फरक कळत नाही. ते थर खातं आणि त्याच ओघात बेसिनही खातं. खरखरीत झालेल्या दगडावर पुढचा थर अधिक घट्ट बसतो. मग आणखी ॲसिड. शिवाय ते धुवायला बादल्यांनी पाणी लागतं आणि 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हे परवडणारं नाही.

दगडाविषयी आमच्या भागात बोलताना आणखी एक तारीख टाळता येत नाही, 30 सप्टेंबर 1993. गणेशविसर्जनानंतरच्या त्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घरांच्या दगडांखाली गेली. बावन्न गावं उठून दुसरीकडे वसवली गेली. त्यानंतर लोक दगडाला भिऊ लागले. दगडानं माणसं मारली, असं म्हटलं गेलं. ज्यांच्या घरात ते घडलं त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार कुणाला नाही. पण तपासणाऱ्यांना दिसलं ते असं : रुंद भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पडद्या, मध्ये खडी-माती, दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही आणि वर माळवदाच्या मातीचं ओझं. पुढे दुरुस्तीच्या कामात भिंतींतून असे आरपार दगड घालायला शिकवलं गेलं. निलंग्यातलं नीलकंठेश्वराचं दगडी मंदिर कित्येक शतकं पाहून आजही उभं आहे. दगड कसा जोडला, कसा वापरला, यावर सगळं असतं.

ढिगाऱ्यांबरोबर मोऱ्याही गेल्या आणि मोरीबरोबर ते न लिहिलेलं ज्ञान गेलं. आता दगड बेसिन होऊन परत येतो आहे, तर ते ज्ञानही परत यावं.

बेसिनच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर फिकट डाग राहिला, तर दगड चुन्याचा आहे. त्याला ॲसिड, लिंबू, व्हिनेगर वर्ज्य. कुठल्याही दगडाला साधा सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं. तेलाचा डाग पडला तर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी पुसून काढा. पाण्याचा थेंब पडताच दगड काळवंडू लागला तर तो पाणी पितो आहे असं समजा आणि छिद्रं बुजवणारं सीलर लावून घ्या. आणि रोज रात्री काम संपलं की बेसिन कोरडं करा. याला पैसा लागत नाही, पाणीही लागत नाही. एक जुनं फडकं लागतं.